आबाजींच्या आठवणींचं पुस्तक: पहिल्या बैठकीपासून छापखान्यापर्यंत

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यात, आईचं बोट धरून उभं असलेलं दहा वर्षांचं लेकरू आज ऐंशीच्या घरात आहे. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली: मध्य प्रदेशाची राजधानी नागपुरातून भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. आता आपल्याला भोपाळला धाडतात की मुंबईला, या काळजीत असलेला तेव्हाचा विशीतला कारकून आज नव्वदीत आहे. एकाच गावातल्या दोन घरांनी ते अठरा दिवस किती वेगळे काढले, हे सांगणारी माणसं अजून आपल्या छपरीत, म्हणजे पडवीत, बसून पेपर वाचतायत. घरात असं कोणी असेल तर 'कधीतरी लिहून ठेवू' म्हणू नका. येत्या रविवारी बसा.

मी माझ्या आबाजींचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, पुस्तक केलं. ते एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते, त्यांचे वडीलही तिथंच. एकशे बारा पानं, साठ प्रती. पहिल्या बैठकीपासून प्रत हातात यायला चौदा महिने लागले. त्यात काय जमलं आणि काय चुकलं, ते क्रमानं सांगते.

आधी विचारा, मग बसा

फोन लपवून ठेवून रेकॉर्डिंग करू नका. 'तुम्ही बोला, मी लिहीन, आणि घरातले सगळे वाचतील' एवढं स्पष्ट सांगा. नको असेल ते सांगू नका, आणि सांगून झाल्यावर नको वाटलं तर ते काढून टाकू, हेही सांगा. आबाजींनी होकार द्यायला तीन आठवडे घेतले. नंतर मात्र रविवारी सकाळी तेच टोपी घालून तयार बसलेले असायचे.

विचारणारा एकच असावा. नातवंडांचा घोळका जमला की सांगणारा गमतीच्याच गोष्टी सांगतो. शेजारी दुसरं म्हातारं माणूस मात्र जरूर बसवा, बायको किंवा बहीण. आजी मधेच 'असं नव्हतं ते' म्हणायची आणि खरी गोष्ट तिथून सुरू व्हायची. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. निकाल लावायचं काम आपलं नाही.

सुरुवात भांड्यांपासून

'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' म्हटलं की एकच उत्तर येतं: 'काय सांगू बापा, कष्टात गेलं सारं.' पुढं शांतता. प्रश्न एवढा मोठा असतो की त्याला धरायला कुठं कोपराच सापडत नाही. म्हणून हातात वस्तू द्या.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरची जुनी भांडी खाली काढा. आहेराच्या भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत फार उपयोगी पडते. गंजाच्या (पातेल्याच्या) काठाखाली, ताटाच्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं: कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी दिलं. आमच्या घरी एक पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं, होता, काळा पडलेला. चिंचेनं घासल्यावर आजीच्या थोरल्या मामाचं नाव वर आलं, आणि त्याखाली १२-५-५८. आबाजी तर लग्न सत्तावनचं सांगायचे. त्यांनी गुंड मांडीवर घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'हा मामा लग्नात आला कुठं? याचं आमचं बोलणंच नव्हतं.' आजी आतून कणकेच्या हातानं बाहेर आली. गुंड लग्नातला नव्हताच. माझ्या मोठ्या मामाच्या बारशाला तो घेऊन आला होता, आणि तेव्हा भांडण मिटलं होतं. भांडण कशावरून, किती दिवस, मधे कोण पडलं, सारं त्या सकाळी निघालं. माझ्या आईलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. दीड तास झाला तरी गुंड मांडीवरच होता.

भांडी संपली की अडकित्ता, रेशनकार्ड, गिरणीचा पास, लग्नातलं लुगडं, तान्हा पोळ्याचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याचा) लाकडी नंदी, जे सापडेल ते घ्या.

प्रश्न हातापायांच्या कामाचे विचारा. पहाटे घरात पहिलं कोण उठे? पाणी कुठून आणत होते, किती खेपा? पहिला पगार कोणाच्या हातात दिला? गिरणीत डबा खाताना कोणाजवळ बसत होता, आणि कोण तुमच्याजवळ बसत नव्हतं? दीक्षेला गेला असाल तर पांढरं लुगडं कुठून मिळवलं, आणि नंतर त्याचं काय केलं? राजधानी गेली तेव्हा गल्लीतलं कोणतं बिऱ्हाड उठलं? मनातलं काय ते अशा उत्तरांच्या पोटातून आपोआप येतं. आणि उत्तर संपलंसं वाटलं की मनात दहा आकडे मोजा, मगच पुढचं विचारा. पुष्कळदा सहाव्या-सातव्या आकड्याला ते पुन्हा बोलायला लागतात.

रेकॉर्डिंग, आणि कूलर

माझ्या पहिल्या दोन बैठका वाया गेल्या, कारण मी मे महिन्यात सुरुवात केली. रेकॉर्डिंगमध्ये कूलरची घरघर आणि तिच्यामागं कुठंतरी आबाजी. कूलर बंद करावा तर पंचेचाळीस डिग्रीत नव्वदीच्या माणसाला बसवणं पाप. म्हणून नागपुरात हे काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत उरका. सकाळी दहा-साडेदहाला उन्हाच्या कवडशात खुर्ची टाका. पंखा बंद. कुकर नंतर लावा.

वेगळं यंत्र लागत नाही, साधा फोन पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मधेच कोणाचा फोन येणार नाही. घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्याच्या तोंडापासून दीड-दोन वितींवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात उतरतो. एक मिनिट बोलून, ऐकून पाहा. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण कोण बसलंय हे आपल्या आवाजात बोला. पाऊण तास झाला की थांबा, ते रंगात असले तरी. थकवा त्यांना दुसऱ्या दिवशी जाणवतो. व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटांचा पुरे, हात आणि चेहरा दिसावा एवढा. कॅमेरा समोर असला की म्हातारी माणसं सभेत बोलल्यासारखी बोलतात.

त्याच संध्याकाळी फाइल उतरवून घ्या. चौथ्या बैठकीनंतर माझा फोन दुरुस्तीला गेला आणि कोरा होऊन परत आला. ती बैठक आजीच्या आईनं शिवलेल्या गोदरीची, म्हणजे गोधडीची, होती. पुन्हा विचारलं तेव्हा आजीनं चार वाक्यांत सांगून टाकलं. एकदा मनापासून सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा तशी येत नाही. म्हणून तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक गूगल ड्राइव्हवर, एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकाकडे ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून रातोरात घरांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्याच्या कपाटातले कितीतरी अल्बम चिखल झाले. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि विषय लिहा, म्हणजे ओळीनं लागतात.

साल कसं काढायचं

म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण सालाच्या खुणा आठवतात. 'मोठी चालायला लागली तेव्हा चीनची लढाई सुरू होती' म्हणजे १९६२. दूध अमुक आण्याला मिळे म्हणाले तर गोष्ट बहुधा १९५७ च्या आधीची. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. जुनी नाणी पुढंही काही वर्षं चालली, त्यामुळं एवढ्यावरच भिस्त ठेवू नका. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारा, डावीकडे जगातल्या गोष्टी, उजवीकडे घरातल्या. चार बैठकांत घराचं पंचांग तयार होतं.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै दिसली तर ती गुरुजींनी टाकलेली असण्याचीच शक्यता मोठी. खरी तारीख 'पोळ्याच्या आधी, पाऊस लागून होता' अशी सापडली तर पुस्तकात दोन्ही द्या.

जागांची नावं त्यांच्या तोंडची ठेवा. ते जुम्मा तलाव म्हणाले तर मजकुरात जुम्मा तलावच राहू द्या, गांधीसागर तळटिपेत. फुटाळा तलावाला तेलंगखेडी म्हणणारा माणूस तुम्हाला एका जुन्या गावात घेऊन चाललाय, त्याचा हात सोडू नका.

कागद

कागद शोधायला घरातली जात पडताळणीची फाइल आधी उघडा. कोणा भाच्या-पुतण्याच्या ॲडमिशनसाठी कुणीतरी दोन वर्षं धावाधाव करून ती जमवलेली असते: शपथपत्रावरची वंशावळ, पणजोबांचा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल. प्रवर्गाप्रमाणे १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, त्यामुळं घरातला सगळ्यात जुना कागद पुष्कळदा याच फाइलीत असतो. काम झालं की ती माळ्यावर जाते.

मूळ खेड्यातलं असेल तर मालगुजारीबद्दल, म्हणजे आपल्याकडच्या जमीनदारीबद्दल, विचारा. आपल्या भागात ती १९५१ मध्ये संपली. मालगुजाराच्या घरचे असोत की त्याच्याकडे सालदार राहिलेले असोत, दोघांनाही ते वर्ष पक्कं आठवतं.

जुना कागद लॅमिनेट करू नका, फाटला तरी सेलोटेप लावू नका. दोन्हींनी तो कायमचा खराब होतो. फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढू नका, तसाच स्कॅन करा. लहान फोटो ६०० डीपीआयवर करा, म्हणजे छापताना मोठा करता येतो. मागची बाजूही स्कॅन करा, तिथं स्टुडिओचा शिक्का आणि कधी दोन ओळी असतात. फोनवरच काढायचा तर छपरीच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून. आणि नातेवाइकांना सांगा की व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात.

बोली पुसू नका

सगळ्यात मोठी चूक मी इथं केली. आबाजी बोलले होते ते असं:

'भोंगा वाजला का माहा बाप निघे. भाकर फडक्यात, चपला हातात. मायनं हाक मारली तरी मांगं पाहे नाही. तिले वाटे रागात हाय. तो काही रागात नोहता, त्याले उशीर होऊन राहिला होता.'

मी लिहिलं: 'माझे वडील भोंगा वाजताच कामावर जात. ते अत्यंत वक्तशीर होते.'

पहिलं प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'हे कोण बोलून राहिलं?'

मी घरी येऊन ती चाळीस पानं बाजूला ठेवली आणि पुन्हा रेकॉर्डिंगपासून सुरुवात केली. चपला हातात का, हे माझ्या वाक्यात आलंच नव्हतं. पहाटे झोपलेली लेकरं उठू नयेत म्हणून. ते सगळं त्यांच्या बोलण्यात होतं आणि मी ते 'वक्तशीर' या एका शब्दाखाली गाडलं होतं. आपल्या बोलीला आपणच शाळेत, ऑफिसात, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर दाबत आलो. निदान आपल्या घरच्या पुस्तकात तरी तिला तिच्या जागी बसू द्या.

पद्धत अशी. बोलून टाइप होणाऱ्या सोयीवर विसंबू नका. ती 'मले'चं 'मला' करते, 'डोया'चं (डोळ्याचं) भलतंच काही करते. गती कमी करून ऐका आणि हातानं टाइप करा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास लागतात, म्हणून भावंडांत वाटून घ्या. पहिला उतारा शब्दन् शब्द. दुसऱ्या हातानं 'हां, मग काय' कमी करा, एकाच गोष्टीचे तीन तुकडे एकत्र आणा, पण त्यांचा शब्द बदलू नका. मधे जोडणारी वाक्यं तुमची, साध्या प्रमाण मराठीत आणि वेगळ्या टाइपात, म्हणजे कोण बोलतंय ते कळतं. शेवटी दोन पानं शब्दांच्या अर्थाला द्या: गुंड, गंज, छपरी, सांबार. आपलं सांबार म्हणजे कोथिंबीर; सातारची नातसून 'सांबार चिरून घाल' वाचून इडलीबरोबरचं सांबार समजली होती.

माहिती चुकली तरी मजकूर तसाच ठेवा. आबाजी सांगायचे, गिरणी इंग्लंडच्या राणीनं बांधली. गिरणी जमशेटजी टाटांची. १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. हे खाली तळटिपेत दिलं. राणीनं बांधली असं गिरणीच्या वस्तीतलं पोर समजत होतं, तीही त्या काळाची एक माहितीच आहे.

वाटणी, भांडणं आणि जुने घाव

प्रत्येक घरात वाटणीची गोष्ट असते. हयात माणसाबद्दल वाईट काही आलं तर नाव काढा, प्रसंग ठेवायचा की नाही ते सांगणाऱ्याला विचारा, आणि त्या माणसाच्या मुलांना छापण्याआधी वाचायला द्या. आमच्याकडे तीन पानं गेली. ती रेकॉर्डिंगमध्ये आहेत, पुस्तकात नाहीत. बोलताना डोळे भरून आले तर फोन बंद करा, पाणी द्या आणि जवळ बसून राहा.

पुस्तक बांधणं

आमचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग लिहून काढल्यावर साठ हजार शब्दांच्या वर गेलं. पुस्तकात आले पंचवीस हजार. जन्मापासून आजपर्यंत असा सरळ क्रम लावायचा मोह होतो; आम्ही जागांप्रमाणे प्रकरणं केली: टिमकीतलं घर, तलाव, गिरणी, आजीचं माहेर, इतवारीतला बाजार. म्हाताऱ्या माणसाची आठवण अशीच चालते, एका जागेवर उभी राहून मागंपुढं पाहते.

पानं सोळाच्या पटीत बसवा, कारण सोळा पानांचा एक फर्मा होतो. आमचे सात फर्मे झाले. आकार डेमी, अक्षर चौदा पॉइंट. वाचणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे असणार. आत नॅचरल शेडचा कागद, फोटोंची आठ पानं आर्ट पेपरवर वेगळी. बांधणी शिलाईचीच करा. नुसती डिंकाची बांधणी स्वस्त पडते, पण नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत पानं सुटायला लागतात. शंभराच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते. विकायचं नसेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागत नाही.

एक धोका सांगून ठेवते. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं आणि डीटीपीवाले पुष्कळदा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये घेतात. त्या बदलात 'म्हाताऱ्या', 'दुसऱ्या' यांतला र फुटतो, काही जोडाक्षरं उलटीपालटी होतात, आणि बोलीतले शब्द चुकीचे समजून कोणी 'दुरुस्त'ही करतं. 'मले', 'तिले', 'हाय' बदलायचे नाहीत, हे पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून द्या. प्रूफ कागदावर छापून घ्या आणि मोठ्यानं वाचा, एकदा भावंडांत, एकदा त्यांच्यासमोर. दुसऱ्या वेळी आबाजींनी सारं ऐकलं, दोन नावं सुधारली आणि प्रूफच्या शेवटच्या पानावर सही केली. ती सहीच आम्ही मुखपृष्ठाच्या आत छापली.

प्रती आणि रेकॉर्डिंग

छापण्याआधी कोणाला किती याची यादी करा आणि दहा प्रती वर घ्या. लेकीबाळींची घरं नेहमी विसरली जातात. रेकॉर्डिंगचा क्यूआर कोड छापावासा वाटेल, जरूर छापा, पण त्यामागची लिंक किती वर्षं चालेल याचा भरवसा नाही. म्हणून दर घराच्या प्रतीत मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा लावून पेन ड्राइव्ह ठेवला. पेन ड्राइव्ह नुसता पडून राहिला तर काही वर्षांत दगा देतो, वर्षातून एकदा तरी लावून पाहावा लागतो. त्यासाठी घरात दिवस ठरवून टाका. आमच्याकडे तो तान्हा पोळ्याचा आहे: मारबतीची मिरवणूक पाहून सारे घरी आले की चहा टाकतात, पेन ड्राइव्ह लावतात, भोंग्याची गोष्ट ऐकतात, आणि कोणाचा वाजला नाही तर दुसऱ्याच्यावरून तिथंच नवा भरून घेतात.